पट्टीखाली काय चाललंय?

आठवीच्या वर्गात शब्दांची मुळे शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर एक वाक्य लिहितो: 'जखमेला मलम लावून पट्टी बांधली.' मग मुलांना विचारतो, यातला कोणता शब्द कुठून आला? जखम फारसीतून आली. मलम म्हणजे अरबी 'मरहम'. पट्टी संस्कृत 'पट्टा'च्या घरची. एवढ्याशा वाक्यात तीन भाषा मांडीला मांडी लावून बसलेल्या असतात, आणि मुलांना त्याची गंमत वाटते. मलाही वाटायची.

दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य आमच्या घरात आले, तेव्हा मात्र त्यातली गंमत संपली. अब्बांना वीस वर्षांपासून शुगर आहे. चपलेत एक खडा अडकला होता आणि ते दिवसभर तसेच बाजारात फिरले. मगरिबच्या वजूला बसले तेव्हा पायावरून वाहणारे पाणी लालसर दिसले. दवाखान्यात ड्रेसिंग झाले. तीन दिवसांनी परत या, पट्टी ओली करू नका, उघडू नका, असे सांगितले. आम्ही सगळे तंतोतंत पाळले. रोज विचारायचो, "अब्बा, दुखतंय का?" ते म्हणायचे, "नाही बेटा, अजिबात नाही. बरं होतंय." तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा दोन बोटे काळी पडलेली होती. ती काढावी लागली.

चूक कोणाची, हे मी इथे मांडत नाही. पट्टी बांधणारा हात चुकला नव्हता आणि अब्बाही खोटे बोलत नव्हते. मधुमेहाने त्यांच्या पायातल्या नसा इतक्या बधिर केल्या होत्या की आतले सडणे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. पट्टी गप्प होती आणि पायही गप्प होता. तेव्हापासून मला एकच प्रश्न पडला: पट्टी न उघडता आत काय चालले आहे हे कळावे, असा विचार माणसाने कधी केलाच नाही का? वाचत गेलो तसे लक्षात आले की जखमेच्या उपचाराचा इतिहास बराचसा याच प्रश्नाभोवती फिरतो. जखम झाकली नाही तर ती बिघडते. झाकली तर दिसत नाही. पाहायला उघडली तर भरत आलेली कातडी पुन्हा सोलली जाते.

डोळा, हात आणि नाक

इजिप्तमधला एडविन स्मिथ पपायरस इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या काळातला आहे. त्यात ४८ रुग्णांच्या हकिकती आहेत. आधी तपासणी, मग निदान आणि मग उपचार अशी त्यांची शिस्त आहे. जखमेवर मध, चरबी आणि तागाचे धागे लावायला सांगितले आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत जखमेचा स्राव, रंग आणि वेदना यांवरून ती ओळखायला शिकवले आहे. जखमेसाठी साठ उपक्रम आणि पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार त्यात दिले आहेत. रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने दाहाची चार लक्षणे लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. वैद्यकाचे विद्यार्थी आजही ती पाठ करतात.

उहुदच्या लढाईत (इ.स. ६२५) पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांच्या चेहऱ्याला जखम झाली, तो प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला आहे. हजरत अली (रजि.) ढालीतून पाणी आणत होते आणि हजरत फातिमा (रजि.) जखम धूत होत्या. पाण्याने रक्त थांबण्याऐवजी वाढते आहे हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी चटईचा तुकडा जाळला, त्याची राख जखमेवर दाबली आणि रक्त थांबले. हा प्रसंग आपण श्रद्धेने ऐकतो. शिक्षक म्हणून मला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. उपचार चालू असताना त्या जखमेकडे पाहत होत्या, आणि जे दिसले त्यावरून त्यांनी उपचार बदलला. 'स्मार्ट' म्हणून आज जी पट्टी दाखवली जाते, तिला नेमके एवढेच करता यावे अशी शास्त्रज्ञांची खटपट आहे.

आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये बर्मकी वजीरांच्या आश्रयाने मनका नावाच्या हिंदी वैद्याकरवी सुश्रुताचा ग्रंथ अरबीत गेला. इब्न अन-नदीमच्या 'फिहरिस्त'मध्ये त्याची नोंद आहे. म्हणजे मरहम आणि पट्टी यांची भेट माझ्या फळ्यावर होण्याच्या बाराशे वर्षे आधी बगदादमध्ये झाली होती.

पुढे कुर्तुब्याजवळच्या मदीनत अज-जहरा इथे अबुल कासिम अज-जहरावी (इ.स. ९३६ ते १०१३) यांनी 'किताब अत-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटच्या भागात शस्त्रक्रिया आहे, आणि सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे आहेत. मला त्यातली एक साधी गोष्ट फार आवडली. हाड मोडून जखमही झाली असेल तर बांधणीत जखमेच्या जागी खिडकी ठेवावी, म्हणजे स्राव बाहेर पडेल आणि जखमेकडे लक्ष ठेवता येईल. हा वाद त्याहून जुना आहे. हिप्पोक्रेटसच्या परंपरेतल्या अस्थिभंगावरच्या ग्रंथात, जखम मध्येच उघडी ठेवून दोन्ही बाजूंना पट्ट्या बांधणाऱ्यांवर टीका आहे, कारण त्या उघड्या जागी सूज येते. दोन्ही बाजूंकडे अनुभव होता आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या.

फिकहमध्येही हा पेच ओळखला गेला आहे. पट्टी सोडल्याने जखमेला इजा होणार असेल तर वजूसाठी ती सोडू नये, वरून ओला हात फिरवावा, याला 'मसह अलल-जबीरा' म्हणतात. तपशिलात मतभेद आहेत, पण मुभा सर्वमान्य आहे. जखम झाकलेली राहण्याचा हक्क इबादतीच्या नियमांनीही मानला.

एक रात्र, चार दिवस, कित्येक आठवडे

१५३७ च्या सुमारास फ्रेंच फौज तुरीनच्या मोहिमेवर होती. अम्ब्रुआज पारे हा तरुण न्हावी-जर्राह तिच्यासोबत होता. बंदुकीच्या जखमेत विष असते, म्हणून उकळते तेल ओतून ती जाळायची, अशी तेव्हाची पक्की समजूत होती. जखमी इतके झाले की तेल संपले. पारेने नाइलाजाने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. तेल न मिळालेले शिपाई सकाळी मेलेले सापडतील अशी भीती त्याला खात होती. पहाटेच उठून तो पाहायला गेला. लेप लावलेल्यांना वेदना कमी होत्या, सूज नव्हती, ते झोपू शकले होते. तेल ओतलेले तापाने फणफणले होते आणि त्यांच्या जखमा सुजल्या होत्या. पुन्हा कोणालाही असे जाळायचे नाही, असे त्याने ठरवले.

या गोष्टीचा शेवट सगळे सांगतात. मला मात्र ती रात्र सोडत नाही, कारण तशा तीन रात्री मी काढल्या आहेत.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत अकरा वर्षांचा जेम्स ग्रीनलीस आला. गाडीचे चाक पायावरून गेल्याने हाड मोडले होते आणि कातडी फाटली होती. अशा पायात सहसा पू व्हायचा आणि पाय कापावा लागायचा. जोसेफ लिस्टरने कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेले कापड जखमेवर ठेवले आणि ते चार दिवस तसेच राहू दिले. चौथ्या दिवशी उघडले तेव्हा पू नव्हता. सुमारे सहा आठवड्यांत मुलगा आपल्या पायांनी घरी गेला. १८६७ मध्ये लिस्टरने हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापले आणि शस्त्रक्रियेचे जग बदलले. तरीही त्या चार दिवसांत कापडाखाली काय चालले होते हे खुद्द लिस्टरलाही कळत नव्हते.

स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६ ते १९३९) बार्सिलोनाचे डॉ. जोसेप त्रुएता आणखी पुढे गेले. जखम नीट साफ करायची, मेलेले मांस काढून टाकायचे, स्राव वाहायला वाट ठेवायची आणि वरून प्लास्टर घालून कित्येक आठवडे ती उघडायचीच नाही. प्लास्टरला भयंकर घाण वास यायचा. नवख्या डॉक्टरांना वाटायचे, आत सगळे सडले. पण अशा हजाराहून अधिक जखमींपैकी मेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. लाली दिसत नव्हती, वास फसवत होता. म्हणून ताप, नाडी आणि रुग्णाची एकूण तब्येत यांवरून अंदाज बांधावा लागे. पट्टीच्या आतले बाहेरून ओळखायचे, ही ती रीत.

मग १९६२ मध्ये लंडनच्या जॉर्ज विंटरने 'नेचर'मध्ये एक छोटा लेख छापला. डुकरांच्या पाठीवर त्याने उथळ जखमा केल्या. काही उघड्या सोडल्या, काही पातळ पॉलिथिनने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. जखमेला हवा लागू द्या, सुकू द्या, खपली धरू द्या, असे आपल्या आजीपासून कंपाउंडरपर्यंत सगळे सांगत आले. विंटरने ते उलटे केले. आजच्या हायड्रोजेल, फोम आणि फिल्मच्या पट्ट्या याच शोधाच्या लेकी आहेत. पण त्यामुळे जुना पेच आणखी घट्ट झाला. आता जखम झाकून ठेवायला शास्त्रीय कारण मिळाले होते, आणि वरचेवर उघडून पाहणे म्हणजे नुकसान, हेही पक्के झाले होते.

जखम काय सांगते

पट्टी बोलकी होण्याची वाट दुसऱ्याच खोलीतून आली. अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी १९५६ मध्ये रक्तातला प्राणवायू मोजणारा इलेक्ट्रोड जगापुढे मांडला. १९६२ मध्ये, म्हणजे विंटरच्याच वर्षी, त्यांनी त्यावर एन्झाइमचा थर देऊन ग्लुकोज मोजण्याची कल्पना मांडली. घरोघरी बोट टोचून शुगर तपासायचे यंत्र याच घराण्यातले. जिवंत शरीरातला रासायनिक बदल विजेच्या भाषेत वाचता येतो हे क्लार्क यांनी दाखवले. मग जखमेतला बदल का वाचता येऊ नये?

जखमेला सांगण्यासारखे बरेच असते. संसर्ग होऊ लागला की तिथली उष्णता वाढते. निरोगी कातडी आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ४ ते ६ असतो. महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमेचा पीएच बहुधा ७ च्या पुढे, अल्कधर्मी बाजूला सरकलेला असतो. कातडी भरत आली की विजेला होणारा तिचा अडथळा बदलतो. दाह आणि संसर्ग यांच्या वेळी नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे प्रमाण बदलते. सेल्सस हाताने उष्णता पाहायचा आणि सुश्रुत स्राव पाहायला सांगायचे. सेन्सरही तेच करतो, फक्त पट्टीच्या आत राहून आणि अखंड.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन मिलिमीटरपेक्षा पातळ पट्टी बनवली. तिच्यात पीएच आणि तापमान मोजणारे लवचीक सेन्सर होते. शिवाय उष्णता दिली की प्रतिजैविक सोडणारा एक थर होता. प्रयोगशाळेत ती चालली. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी बॅटरीशिवाय, बिनतारी चालणारी पट्टी उंदरांवर वापरली. ती तापमान आणि विजेचा अडथळा मोजते आणि गरजेप्रमाणे सौम्य विद्युतप्रवाह देते. साध्या पट्टीच्या तुलनेत जखमा सुमारे २५ टक्के लवकर भरल्या. तिचा चिकट थर थोडा गरम केला की सैल होतो, म्हणजे पट्टी काढताना कातडी सोलत नाही.

२०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या गटाने आपली पट्टी माणसांवर तपासली. मधुमेहामुळे किंवा रक्तपुरवठा कमी असल्यामुळे जखमा न भरणारे वीस रुग्ण त्यात होते. ही पट्टी अतिसूक्ष्म नळ्यांतून जखमेचा ताजा स्राव खेचून घेते, जुना पुढे ढकलते आणि नायट्रिक ऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड मोजते. मिळालेल्या आकड्यांवरून संगणक जखमेची अवस्था ठरवतो. हे वाचताना मी कागदावर 'वीस' हा आकडा गोल करून ठेवला. वीस म्हणजे फार थोडे. पण ते अब्बांसारखेच वीस होते.

बंद केलेला सेन्सर

इथे थांबलो तर लेख जाहिरातीसारखा होईल. म्हणून डॉ. पॉल ब्रँड यांची गोष्ट सांगतो.

ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होते आणि त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम केले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात अशी समजूत होती. ब्रँड यांनी दाखवले की रोगाने नसा बधिर होतात, वेदना कळत नाही, म्हणून माणूस भाजतो, कापतो, खड्यावर चालत राहतो, आणि त्या जखमांतून हातपाय जातात. मधुमेही पायाची गोष्टही जवळजवळ हीच आहे.

पुढे अमेरिकेतल्या कारव्हिल इथे त्यांनी इंजिनिअरांना सोबत घेऊन कृत्रिम वेदना तयार करायचा प्रयत्न केला. हातमोज्यांत दाब मोजणारे सेन्सर बसवले. दाब वाढला की आवाज व्हायचा. लोक आवाजाकडे दुर्लक्ष करायचे. मग विजेचा छोटा झटका द्यायला सुरुवात केली. तेव्हा रुग्ण अवघड काम करताना यंत्रच बंद करायचे, काम उरकायचे आणि पुन्हा चालू करायचे. शेवटी प्रयोग सोडून द्यावा लागला. सेन्सर खरे बोलत होता, पण ऐकायचे की नाही हे माणसाच्या हातात होते.

ही गोष्ट मला आपल्या घरांपर्यंत पोहोचलेली दिसते. भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये छापून आला. आपल्या मोहल्ल्यातल्या किती अम्मी, खाला आणि चाची पायाची जखम ओढणीच्या फडक्याने बांधून भाकऱ्या थापत राहतात? घरच्या कामात अडथळा नको, पोराला सुट्टी घ्यावी लागेल, रिक्षाचे पैसे लागतील, म्हणून त्या सांगत नाहीत. त्यांच्या पायात अजून वेदना असते, तरी तिचा आवाज त्या बंद करून टाकतात. उद्या शंभर रुपयांत बोलकी पट्टी मिळाली, तरी ती म्हणेल ते ऐकायला घरात कोणी हवे आणि दवाखाना जवळ हवा.

आणखी एक गोष्ट विचारायला हवी. सेल्ससची 'लाली' गोऱ्या कातडीवर चटकन दिसते, सावळ्या कातडीवर दिसत नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची चूक २०२० मध्ये अमेरिकेत उघड झाली. प्राणवायू कमी झालेला असूनही यंत्र तो ठीक दाखवते, असे गोऱ्यांच्या तुलनेत काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा घडत होते. म्हणून नवी पट्टी येईल तेव्हा ती कोणाच्या कातडीवर तपासली, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. तो विचारायला डॉक्टर असावे लागत नाही.

तोपर्यंत

हे सगळे मी अब्बांना उर्दूत समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "ही पट्टी आपल्या गावात कधी येणार?" मी म्हणालो, "माहीत नाही." ते म्हणाले, "मग तोपर्यंत काय करायचं ते सांग."

डॉक्टरांकडून आणि वाचनातून जे समजले ते असे. पायाची कळ हा एकच निरोप्या मानायचा नाही, दुखत नसले तरी पाय पाहायचा. चपलेत पाय घालण्याआधी हात घालून पाहायचे. दोन्ही पायांवर त्याच त्याच जागी हात लावायचा आणि एक बाजू जास्त गरम लागली तर थांबायचे. ज्यांच्याकडे त्वचेचे तापमान मोजायचे यंत्र आहे, त्यांच्यासाठी २.२ अंश सेल्सियसचा फरक ही धोक्याची खूण मानली जाते. पट्टी ओली झाली, वास आला, ताप आला किंवा भोवतालची कातडी काळसर पडली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आणि वजू. दिवसातून पाच वेळा पाय धुणारा माणूस पाच वेळा पाय पाहू शकतो. आपण धुतो, पण पाहत नाही. बोटांच्या बेचक्यात पाणी राहू न देता ती कोरडी करायची, कारण ओलसर बेचक्यात बुरशी वाढते आणि कातडी चिरते.

अब्बांना तळवे वाकून पाहता येत नाहीत. म्हणून इशानंतर माझी मुलगी मोबाइलची बॅटरी लावून त्यांच्या पायांपाशी बसते. नातीसमोर पाय पसरायचा त्यांना सुरुवातीला फार संकोच वाटायचा. आता ते वर्तमानपत्र वाचत बसतात आणि ती एकेक बोट मोजत तपासते. आठ होतात.

"आज काही नाही, दादाअब्बा," ती म्हणते, आणि बॅटरी बंद करते.